चिप सापडत नाही म्हणजे चिप मेली असं नाही

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. लॅपटॉप चालू होत नाही, म्हणून बायोसची चिप (लॅपटॉप सुरू करणारं फर्मवेअर जिच्यात असतं ती) वाचायला काळ्या सीएच३४१ए प्रोग्रॅमरची (चिप वाचायचं-लिहायचं यूएसबी उपकरण) क्लिप तिच्यावर लावली, फ्लॅशरॉम हे वाचायचं सॉफ्टवेअर म्हणतंय 'नो ईईप्रॉम/फ्लॅश डिव्हाइस फाउंड' आणि दुकानवाला म्हणतोय चिप गेली, बोर्डच बदला. सेम टु सेम माझंच झालेलं.

बॅटरी काढलीय, क्लिपची लाल वायर चिपवरच्या ठिपक्याकडे आहे, हे धरून चालतो.

तुम्ही चिपचं नाव नुसतं 'विनबॉन्ड २५क्यू६४' लिहिलंय. मोबाईलच्या टॉर्चमध्ये तिरकं धरून पुढची दोन अक्षरं वाचा, सगळी मेख तिथे आहे. एफव्ही असेल तर २.७ ते ३.६ व्होल्टची, एफडब्ल्यू असेल तर १.८ची. दिसायला दोन्ही सारख्याच.

माझी एफडब्ल्यू होती. ज्या सर्व्हिस सेंटरला दिला तिथल्या माणसाने सरळ ३.३ व्होल्टवर क्लिप लावली, स्क्रीनवर डिव्हाइस नाही आलं, की झालं, चिप डेड. ना मीटर लावला, ना नाव वाचलं. डेटाशीट (चिपच्या कंपनीचा माहितीकागद) पुढे केली तर म्हणे 'आम्ही रोज हेच करतो साहेब'. तपासणीचे पैसे घेतले, नव्या बोर्डाचा अॅडव्हान्स घेतला आणि तो परत मिळवताना माझा जो जीव खाल्लाय तो मी विसरणार नाही. घरी प्रोग्रॅमर आणि चिपच्या मध्ये १.८ व्होल्टचा अॅडॉप्टर टाकून बघितलं तर आयडी (चिप स्वतःची ओळख सांगते ते बाइट) आला ईएफ ६० १७. चिप ठणठणीत, आतलं फर्मवेअर तेवढं करप्ट! म्हणून माझं ठाम मत आहे, आयडीचे बाइट न बघता चिप मेली म्हणणाऱ्याला बोर्डाला हात लावू देऊ नका.

ते बाइट फ्लॅशरॉमला कॅपिटल व्ही देऊन चालवलं की दिसतात. सगळे एफएफ आले तर बहुतेक चिप बोलतच नाहीये, क्लिप बसली नसेल किंवा पॉवर पोचत नसेल. सगळे ०० आले तर लाइन कोणीतरी खाली ओढून धरलीय, बोर्डावर असतानाच चिप वाचायला गेलं की हे होतं, कारण क्लिपमधून दिलेली पॉवर बाकीचा बोर्डही ओढतो. दर वेळी वेगळेच आले तर कॉन्टॅक्ट खराब किंवा वायर लांब. आणि प्रत्येक वेळी तोच अर्थपूर्ण आयडी येतोय तरी फ्लॅशरॉमला चिपचं नाव लागत नसेल तर बहुतेक टूल जुनं आहे, नवीन व्हर्जन घ्या. एफव्हीचा आयडी ईएफ ४० १७ असतो, म्हणजे मधल्या बाइटवरूनही कळतं.

अजून एक, त्या काळ्या प्रोग्रॅमरच्या बऱ्याच बोर्डांवर चिपला पॉवर ३.३ जाते पण डेटा लाइन ५ व्होल्टच्या असतात. सीएस (चिप सिलेक्ट) पिनवर मीटर लावून बघाच. ५ दिसले तर मी तरी तो वापरणार नाही, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घेईन, त्याच्या पिना ३.३च्या आहेत, एसपीआय स्पीड (चिपशी बोलायचा वेग) मात्र कमी ठेवायचा. १.८च्या चिपला तोही थेट जोडायचा नाही हं.

आयडी आला नसतानाही फोर्स करून वाचायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका, एफएफने भरलेली फाइल मिळेल आणि तीच बॅकअप म्हणून जपून ठेवाल. आयडी नीट आला की दोनदा वाचा, दोन्ही फाइलींचे चेकसम (फाइलीतल्या डेटावरून निघणारा आकडा) जुळले तरच पुढे.

मी इंजिनियर नाही, बोर्ड समोर नसताना छातीठोक सांगता येत नाही. चिपच्या माथ्याचा फोटो आणि ते आयडीचे बाइट इथे टाका, मग बघू. तोवर दुकानदाराला अॅडव्हान्स देऊ नका.