हेल्मेट माळ्यावरून खाली काढ

"मावशी, माझा मुलगा ५ वर्षांचा आहे. शर्टाचं लेबल टोचतं म्हणून रोज सकाळी रडारड. मिक्सर-कुकर लागला की कान दाबून किंचाळतो, ताट भिरकावतो. गेल्या महिन्यापासून चावायलाही लागलाय, मला आणि वर्गातल्या मुलांना. शाळेने दोनदा बोलावलं. मी शिस्त लावायला बघते, तर सासूबाई लाड करतात. जेवताना बाबाचं हेल्मेट घालून बसायची सवय त्यांनीच लावली होती. पाहुणे हसायला लागले, म्हणून मी ते माळ्यावर टाकलं. चावणं कसं थांबवू? – एक आई, कोथरूड"

अगं, हेल्मेट माळ्यावर कधी टाकलंस? तारीख आठवून बघ. चावणं त्याच सुमाराला सुरू झालेलं निघेल, असं मला वाटतं.

त्या हेल्मेटच्या आत कुकरची शिट्टी दबत होती. मोठ्या माणसाचं हेल्मेट त्याला ढिलंच होणार, पण डोक्यावर वजन येत होतं. स्पर्शाचा-आवाजाचा असा त्रास असलेल्या बऱ्याच मुलांना हलका स्पर्श झोंबतो आणि जड, घट्ट दाब शांत करतो. म्हणूनच लेबल नको आणि हेल्मेट हवं. ५ वर्षांच्या पोराला स्वतःवरचा उपाय सापडला होता, तो तू काढून घेतलास. आता तो दाब जबड्यातून मिळवतोय. सासूबाईंना यातलं शास्त्र ठाऊक नसेल, पण घरात त्याचं दुखणं त्यांनाच कळलं होतं. पाहुणे कधीमधी येतात, कुकर रोज लागतो.

आजच हेल्मेट खाली काढ, पुसून त्याच्या हाताला येईल असं ठेव. एवढं एक आधी कर, बाकीचं त्याच्यामागून.

मोठ्यांचं हेल्मेट किलोभर तरी भरतं, कोवळ्या मानेला ते फार वेळ नको. जेवणाची १५-२० मिनिटं पुरे. दरम्यान लहान मुलांच्या मापाचे इअरमफ, म्हणजे आवाज दाबणारी कानझाकणी आण, गाणी ऐकायचे हेडफोन नव्हेत. ते पहिल्यांदा घालायचे घर शांत असताना, खेळता खेळता ५ मिनिटं. किंचाळणं सुरू झाल्यावर कानावर चढवलेस तर तो भिरकावून देईल आणि पुन्हा हात लावणार नाही. दिवसभरही घालू देऊ नकोस. कान शांततेला सरावले की साधा आवाजसुद्धा मोठा वाटायला लागतो. कुकर, मिक्सर, आणि गणपतीआधी ढोलपथकांचा सराव सुरू होतो तेव्हाची संध्याकाळ, एवढ्यापुरतेच.

मिक्सरचं बटण त्यालाच दाबू दे. आवाज तोच असतो, पण केव्हा सुरू होणार आणि केव्हा थांबणार हे आपल्या हातात असलं की तो तितका अंगावर येत नाही.

लेबल कात्रीनं कापलं असशील, तर शिवणीत राहिलेली कडक कड आता जास्त टोचत असणार. शिलाई उसवून अख्खं काढ. नवा कपडा दोन-तीनदा धुतल्याशिवाय अंगावर नको.

शाळेत जायच्या आधी १० मिनिटं त्याला जड काम दे. कणकेचा घट्ट गोळा मळू दे, अर्धी बादली पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांपर्यंत नेऊ दे. गोधडीत गुंडाळून घट्ट दाबलेलंही त्याला आवडेल; तोंड आणि मान बाहेर, आणि 'पुरे' म्हटलं की त्याच क्षणी सोडायचं. चावण्याच्या आधी काही मुलं शर्टाची कॉलर नाहीतर बाही चघळायला लागतात. ते दिसलं की बसवून खाकरा किंवा गाजराचा लांब तुकडा हातात दे. चावून झाल्यावर दिलास तर ते बक्षीस होतं. आणि तोल सुटलेला असताना समजावत बसू नकोस, तुझा आवाजही त्या वेळी त्याला आवाजच असतो.

कानाची तपासणी मात्र टाळू नकोस, आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे ने. निदानाचं नाव लगेच मिळेलच असं नाही. संवेदनांचा त्रास हे २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत, वेगळं निदान नाही, ऑटिझमच्या निकषांत मात्र त्याचा समावेश आहे. म्हणून वेळीच तपासून घे, पण नावासाठी वरचं काही थांबवू नकोस. वर्गशिक्षिकेला कॉलरची खूण सांगून ठेव आणि इअरमफ दप्तरात घाल.

हेल्मेटचा पट्टा कधीच बांधायचा नाही. नको वाटलं की त्याचं त्याला काढता आलं पाहिजे.