निरीक्षणगृहातल्या (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी चालू असताना ठेवतात, त्या गृहातल्या) व्यसनाधीन मुलांना उपचार नीट मिळावेत यासाठी काय करता येईल?

सगळ्यात आधी, मूल निरीक्षणगृहात आलं की पहिल्याच दिवशी व्यसनाची विचारपूस व्हायला हवी, आणि तीही पोलिसाने नव्हे तर समुपदेशकाने. थिनर किंवा पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगणारा मुलगा आत आल्यावर रात्रभर जागा राहतो, चिडतो, भांडण उकरून काढतो. त्याला ‘मस्तीखोर’ ठरवून शिक्षा होते. प्रत्यक्षात नशा तुटल्याचा तो त्रास असतो आणि त्याला डॉक्टर हवा असतो.

कायद्यात सोय आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९३ नुसार बाल न्याय मंडळ, म्हणजे अशा मुलांची प्रकरणं चालवणारं मंडळ, अशा मुलाला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवू शकतं, पण फक्त आंतररुग्ण (केंद्रात दाखल करून घ्यायच्या) उपचाराला लागेल तेवढ्याच काळासाठी. मुलाची माहिती काढून त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या-बाहेरच्या परिस्थितीचा अहवाल, १५ दिवसांत यायचा असतो. त्यात ‘वाईट संगत’ एवढंच लिहून भागत नाही. कोणती नशा, कधीपासून, माल कोण पुरवतं, हे लिहा. पुरवणाऱ्यावर कलम ७७ लागतं, ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

खरी गळती मात्र सुटकेनंतर होते. जामीन झाला की मूल त्याच वस्तीत, त्याच टोळक्यात परततं आणि उपचार तिथेच थांबतात. म्हणून सुटकेआधीच पुढच्या भेटीची तारीख ठरवावी, आई किंवा आजीला समुपदेशनात बसवावं आणि पहिल्या भेटीला परिविक्षा अधिकाऱ्याने स्वतः सोबत जावं. मोठ्या माणसांच्या केंद्रात या मुलांना ठेवू नये, असं मला ठामपणे वाटतं. घरच्यांना सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मुलांसाठी १०९८.