उरेब म्हणजे तिरकी कड नव्हे

प्रश्न असा आहे: १९३०च्या दशकातल्या एका इंग्रजी पॅटर्नवर 'गाऊन बायसवर कापावा' अशी सूचना आहे, तिथे मराठीत 'तिरपी कापणी' लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. 'तिरपी' म्हटलं की वाचणारी घेराची कड तिरकी कापून बसेल. हल्ली एका बाजूला लांब, दुसरीकडे आखूड असा कुठलाही फ्रॉक 'बायस कट' म्हणून खपवतात, ते ऐकून कान किटले आहेत. बायसचा संबंध कडेशी नाही, धाग्याशी आहे. उभा धागा अंगावर ४५ अंशांत आला की कपडा बायसवर कापलेला, मग कड अगदी सरळ असली तरी. कापडाची आडवी बाजू काठाला जुळवून दुमडा आणि पडलेली घडी दोन्ही टोकांनी ओढा. उभं-आडवं ओढून जे कापड जेमतेम हलत होतं, ते इथे लगेच ताणलं जातं.

याला आपल्याकडे शब्द आहे, ब्लाउज शिवणाऱ्या बायकांच्या रोजच्या तोंडातला: उरेब. कुणी उरेप म्हणतं. गळ्याला लावतात ती उरेब पट्टी. मूळ फारसी, अर्थ तिरकस. पण खरी मजा त्याच्या पुढच्या प्रवासात आहे. हिंदीत 'औरेब' म्हणजे कापडाची तिरकी काट, आणि पेच, कावाही. इराणमध्ये संख्याशास्त्रातल्या बायसला याच शब्दावरून 'ओरीबी' म्हणतात. तिकडे फ्रेंच 'बिए' इंग्रजीत जाऊन 'बायस' झाला, चेंडू घरंगळवण्याच्या खेळात एका अंगाला वळणाऱ्या चेंडूला चिकटला आणि तिथून मनाच्या कलापर्यंत पोचला. दोन भाषांत दोन शब्द तिरक्या रेषेपासून निघून माणसाच्या वाकड्या बुद्धीपर्यंत आले! 'बिए' हा लॅटिनमधल्या 'दोन तोंडांचा' या अर्थाच्या शब्दापासून आला, असं काहीजण सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. ग्रीक 'एपिकार्सिओस', म्हणजे आडवातिरका, ही व्युत्पत्ती अर्थाला चोख बसते.

उरेब मराठीत कसा आला? माझं मत ठाम आहे: चुडीदाराच्या पायातून. अस्तर, पन्हा (कापडाची रुंदी), जामा, पायजमा हे सगळे फारसीचेच सोबती. चुडीदार उरेबवरच बेततात. कापडाची तिरकी थैली शिवून मग ती कापायची, ही शिंप्यांची जुनी रीत. म्हणून 'बायस कट मादलेन व्हियोने या फ्रेंच फॅशनकारणीने शोधला' असं फॅशनचे जाणकार लिहितात तेव्हा राग येतो. तिची थोरवी वेगळी आहे, आणि ती मोठी आहे. तिकडे पट्ट्या-कॉलरपुरता वापरला जाणारा उरेब तिने अख्ख्या अंगाला दिला. पॅरिसमध्ये छोट्या लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून ती बेतायची, आणि त्यासाठी नेहमीपेक्षा मोठ्या पन्ह्याचं क्रेप मुद्दाम विणून घ्यायची. १९२०च्या दशकातले फ्रॉक खांद्यापासून सरळ लोंबत. १९३०च्या दशकातला गाऊन कमरेवरून वळत खाली उतरतो, कित्येकदा एकही हुक न लावता डोक्यावरून घालता येतो. ती सगळी करामत त्या ४५ अंशांची. १९३९ साली तिने दुकान बंद केलं.

तर पॅटर्नवर 'उरेबवर बेतावा' असंच लिहा. आणि शिवल्यावर गाऊन रात्रभर टांगून ठेवा. उरेब कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, कुठे जास्त, कुठे कमी. ते उतरल्यावर कड सारखी करून मगच खालची दुमड घाला.