फाशी आणि धर्मासाठी खून, फरक कुठाय?

प्रश्न : ताई नमस्कार, शाहूपुरीत आमचं दुकान आहे. परवा मिसळ खाताना मित्राबरोबर चांगलीच जुंपली. तो म्हणतोय सरकार तारीख लावून, दोर तपासून माणूस मारतंय आणि धर्मासाठी गोळी घालणारा पण ठरवूनच मारतोय, दोघंपण म्हणतात आम्ही बरोबरच केलं, मग एकाला न्याय आणि एकाला खून का म्हणायचं? मला पटलं नाही पण उत्तर पण सुचंना. सांगा काहीतरी.

उत्तर : दादा, मित्राला उडवून लावू नका, मरणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर दोर काय आणि गोळी काय. पण मी अशा वेळी एकच गोष्ट बघते, की मारायच्या आधी "थांबा" म्हणायचा अधिकार कुणाला होता का आणि तो म्हणाला असता तर ऐकणं भाग होतं का.

आपल्या कोल्हापुरातलंच घ्या. 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून घराकडं येत होते, मोटरसायकलवरून आलेल्यांनी दोघांवर गोळ्या झाडल्या, 20 तारखेला पानसरे गेले. विचार पटत नव्हते म्हणून कट्टर लोकांनी कट केला असा तपासाचा आरोप आहे, कुणी केलं ते कोर्टानं ठरवायचं. पण ज्या कुणी ठरवलं त्यांनी पानसरेंना बाजू मांडायला बोलावलं नव्हतं, वकील दिला नव्हता, वरच्या कोर्टात जायची सोय ठेवली नव्हती. फिर्यादी, जज आणि जल्लाद सगळे तेच.

आता दुसरी केस, ती पण इथलीच. गावित बहिणींनी लहान लेकरं पळवली, त्यातली काही मारली, नाव काढलं तरी अजून अंगावर काटा येतो. 1996 ला पकडल्या, 2001 ला कोल्हापूरच्या सेशन कोर्टानं फाशी सुनावली, 2004 ला हायकोर्टानं आणि 2006 ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली, 2014 ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. एवढं होऊनपण फाशी झाली नाही, कारण दयेच्या अर्जावर सरकारनं वर्षानुवर्षं घोळ घातला म्हणून जानेवारी 2022 ला हायकोर्टानं जन्मठेप केली. लई लोक चिडले तेव्हा, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण बघा की, इतक्या क्रूर गुन्ह्यातपण शेवटपर्यंत कुणीतरी सरकारचा हात धरू शकत होतं. पानसरेंच्या वेळी असा हात धरणारा कोण होता?

म्हणजे फरक आहे, मोठा आहे. पण म्हणून फाशी बरोबर, असं मी म्हणणार नाही. सुप्रीम कोर्टानं 1980 ला बचन सिंग केसमध्ये सांगितलं की फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्ये द्यायची. तरी काय होतंय ते ऐका. नाशिकजवळची 2003 ची केस, दरोडा, खून, बलात्कार. भटक्या जमातीतली सहा माणसं धरली, 2009 ला सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी, आणि हायकोर्टानं त्यातल्या तिघांची जन्मठेप केली होती तीपण बदलून फाशी केली. 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, भरपाई द्यायला लावली आणि चुकीचा तपास करणाऱ्यांवर कारवाई करा म्हणून सांगितलं. माणसं जिवंत होती म्हणून सुटली हो, मधल्या दहा वर्षांत फाशी उरकली असती तर भरपाई कुणाच्या हातात ठेवली असती?

आता मित्र हुशार असेल तर संभाजी महाराजांचं काढेल आणि ते बरोबरच आहे. 1689 ला औरंगजेबानं त्यांचे हाल करून मारलं ते बादशाही हुकुमानं, म्हणजे सरकारी शिक्षाच की ती, आणि धर्माचा द्वेष पण त्यात कालवलेला. तिथं अपील कुणाकडं करणार, आरोप करणारा आणि निकाल देणारा एकच. आजपण काही देशांत धर्म सोडला किंवा धर्माची निंदा केली म्हणून कायद्यात मृत्युदंड आहे, सरकारी शिक्का असला तरी त्याला मी न्याय म्हणणार नाही.

लांब कशाला जायचं, डिसेंबर 2019 ला हैदराबादला बलात्कार-खुनाच्या केसमधल्या चार आरोपींना पोलिसांनी पहाटे गोळ्या घातल्या, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, आपल्याकडं पण ग्रुपवर पेढे वाटल्यासारखे मेसेज फिरत होते. पुढं सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या सिरपूरकर आयोगानं 2022 ला सांगितलं की पोलिसांनी मारायच्या हेतूनंच गोळ्या घातल्या. वर्दी होती, पण खटला नव्हता. ह्या केसमध्ये मात्र तुमच्या मित्राचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य.

प्रश्न : धर्माच्या नावानं मारणाऱ्यांना तरी फाशीच पाहिजे ना? त्याशिवाय वचक कसा बसणार? बिंदू चौकात लटकवा म्हणते मी. (एक वाचक भगिनी, रंकाळा)

उत्तर : ताई, राग कळतो. पण असला माणूस बऱ्याचदा मरायची तयारी ठेवूनच आलेला असतो, त्याला फाशी म्हणजे बढती वाटते. पाकिस्तानात पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर ईशनिंदेच्या कायद्यावर टीका करायचे, 4 जानेवारी 2011 ला त्यांच्याच बॉडीगार्डनं, मुमताज कादरीनं, त्यांना मारलं. फेब्रुवारी 2016 ला सरकारनं कादरीला फाशी दिली तर जनाज्याला तोबा गर्दी, आणि आता त्याच्या कबरीवर दर्गा उभा आहे. वचक बसला का? आपल्याकडं गांधीजींच्या खुनासाठी 15 नोव्हेंबर 1949 ला नथुराम आणि आपटेला अंबाल्याच्या जेलमध्ये फाशी झाली, तरी नथुरामाचे गोडवे गाणारे आजपण आहेत. त्या फाशीच्या आधी गांधीजींची मुलं मणिलाल आणि रामदास यांनी शिक्षा कमी करा म्हणून विनंती केली होती, हे कुणी फारसं सांगत नाही. सगळ्यांनी तसंच वागावं असं नाही हां, ज्याचं माणूस गेलंय त्याला क्षमा कर म्हणून सांगायला मी कोण.

मला चीड येते ती उशिराची. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 ला, निकाल 10 मे 2024 ला, दोघांना जन्मठेप, तिघं सुटले. जवळपास अकरा वर्षं! तुम्हाला वचक पाहिजे ना, मग तपास नीट करा आणि दोनतीन वर्षांत निकाल लावा ह्यासाठी मोर्चा काढा, मी येते.

आणि उलटा धोका पण आहे. धर्माचं कारण सांगितलं की आपल्याकडं मन जरा मऊ होतं. ओडिशात 1999 ला ख्रिस्ती मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान पोरांना गाडीत जाळलं. जानेवारी 2011 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं मुख्य दोषी दारासिंगची जन्मठेप कायम ठेवली ते ठीक, पण धर्मांतराबद्दल धडा शिकवायचा हेतू होता अशा अर्थाचं वाक्य लिहिलं, टीका झाल्यावर चार दिवसांत ते काढून टाकलं. धडा? झोपलेल्या पोरांना?

प्रश्न : फाशी कायम करायला हायकोर्ट लागतंयच का? (विद्यार्थी, कसबा बावडा)

उत्तर : हो बाळा, लागतंच. सेशन कोर्टानं फाशी दिली तरी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय ती देता येत नाही, आरोपीनं अपील केलं नाही तरीपण. त्यानंतर सुप्रीम कोर्ट, मग दयेचा अर्ज, राज्यपालांकडं घटनेच्या कलम 161 खाली आणि राष्ट्रपतींकडं कलम 72 खाली. ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, लॉ करणार असशील तर एखादा दिवस जाऊन सुनावणी ऐक, मोबाईल सायलेंट ठेव.