वाचकांचे प्रश्न : सांडव्यातल्या फळ्या

प्रश्न : आम्ही मुलुंडच्या काही कुटुंबांनी मिळून कर्जत तालुक्यात एका लहान तलावाच्या काठी भूखंड घेतले आहेत. मूळ विकासकाने ओढ्यावर मातीचा बांध घालून हा तलाव तयार केला. बांधाची उंची सुमारे आठ मीटर आहे आणि तलावात दोन-तीन होड्या असतात. उन्हाळ्यात पाणी फार खाली जाते, म्हणून व्यवस्थापनाने सांडव्यात दीड फूट उंचीच्या फळ्या बसवल्या असून मासे वाहून जाऊ नयेत यासाठी वर जाळीही लावली आहे. बांधाच्या खालच्या अंगाला एका जागी बारा महिने ओल असते. बांधावर मोठी झाडे वाढली आहेत. हे सुरक्षित आहे का, आणि शासनातर्फे कोणी तपासणीस येते का?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : आपल्या पत्रात ओलीचा आणि झाडांचा उल्लेख काळजीच्या सुरात आहे, तर फळ्यांचा सोय म्हणून. मला मात्र सर्वाधिक काळजी त्या फळ्यांचीच वाटते, त्यामुळे उत्तराची सुरुवात तेथून करतो.

दगडी बंधाऱ्याच्या माथ्यावरून पाणी गेले तरी तो सहसा टिकतो. मातीच्या भरावाला ते सोसत नाही. माथ्यावरून उतरणारे पाणी खालच्या उतारावर आधी एक बारीक घळ पाडते, ती घळ खोल होत मागे माथ्याकडे सरकते, आणि एकदा ती माथा ओलांडून तलावाच्या पाण्यापर्यंत पोहोचली की उरलेला बांध फुटण्यास काही तासही लागत नाहीत. जादा पाणी भरावाला न शिवता बाजूने निघून जावे, एवढ्यासाठीच सांडवा असतो. तो किती पाणी वाहून नेईल, हे त्याच्या रुंदीवर आणि त्याच्या उंबऱ्यावरून किती उंचीचे पाणी जाऊ शकते यावर ठरते. यातली उंची अधिक महत्त्वाची, कारण पाण्याची उंची निम्म्यावर आली तर विसर्ग निम्म्यावर न राहता जवळजवळ एकतृतीयांशावर येतो.

आपला सांडवा सहा मीटर रुंद आहे आणि बांधाच्या माथ्याखाली पुरेशी मोकळी उंची राखून उंबऱ्यावर एक मीटर पाणी चढू शकते, असे उदाहरणादाखल धरू. अशा सांडव्यातून सेकंदाला साधारण दहा घनमीटर पाणी जाईल. त्यात दीड फुटाच्या, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटरच्या फळ्या बसवल्या की पाण्याला पंचावन्न सेंटिमीटरच उरतात आणि विसर्ग चार घनमीटरच्या आसपास येतो. त्यावर जाळी आली. पहिल्याच मोठ्या पावसात पालापाचोळा, फांद्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तिच्यात अडकल्या की उरलेली वाटही बुजते. दुसऱ्या बाजूला येणाऱ्या पाण्याचा हिशेब पाहा. एक चौरस किलोमीटर पाणलोट क्षेत्रावर एका तासात शंभर मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातले साठ टक्के पाणी वाहून आले, तर त्या तासात सेकंदाला सरासरी सोळा ते सतरा घनमीटर पाणी तलावात येते. तलावाच्या पसाऱ्यात त्यातले काही सामावते हे खरे, पण तलाव आधीच काठोकाठ असेल तर फारच थोडे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, हे मुंबईकराला सांगायला नको. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेला कर्जत तालुका पावसाच्या बाबतीत मुंबईपेक्षा सौम्य नाही.

सिंचनासाठी बांधलेल्या तलावातले पाणी हंगामात उपसले जाते, त्यामुळे पुराला निदान पावसाळ्याच्या आरंभी जागा मिळते. करमणुकीसाठी ठेवलेला तलाव सर्वांना कायम तुडुंब हवा असतो आणि तो हट्टच बांधाच्या मुळावर येतो. फळ्या मे महिन्याच्या अखेरीस काढून पाऊस ओसरेपर्यंत बाहेरच ठेवाव्यात. जाळी तर काढूनच टाकावी; मासे गेले तर पुन्हा सोडता येतात. फळ्यांऐवजी सिमेंटचा कट्टा घालू, अशी सूचना पुढे आली तर तिला लेखी विरोध नोंदवावा.

आता ओलीविषयी. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरणारच; काळ्या मातीचा गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना मुरुमाचा भराव असे धरण चांगले बांधलेले असले तरी ते पूर्णपणे कोरडे नसते. पाहायचे ते पाण्याचे प्रमाण वाढते आहे का आणि पाणी कसे आहे. स्वच्छ पाणी, वर्षानुवर्षे तेवढेच आणि तलावाच्या पातळीप्रमाणे कमी-जास्त होणारे, ही नोंद ठेवण्याची बाब आहे. गढूळ पाणी ही मात्र त्याच दिवशी हालचाल करण्याची बाब आहे, कारण त्याचा अर्थ पाण्याबरोबर भरावातली मातीही बाहेर पडत असून आत पोकळी तयार होत आहे. ओलीच्या जागी लहानसा चर काढून त्यात नळीचा तुकडा बसवावा, एक लिटरची बाटली भरण्यास किती वेळ लागतो हे आठवड्यातून एकदा मोजावे आणि त्याच दिवशीची तलावाची पातळी शेजारी लिहावी. या वहीइतके उपयोगी साधन कोणताही सल्लागार आपल्याला विकत देऊ शकणार नाही. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि खालच्या वाडीतली माणसे घरांसह वाहून गेली. त्या धरणाच्या गळतीबद्दल ग्रामस्थांनी आधी तक्रारी केल्या होत्या. खेकड्यांनी धरण पोखरले, असे तेव्हा मंत्रिमहोदयांनी सांगितले आणि त्याची पुरेशी थट्टाही झाली. खेकडे आणि घुशी बिळे करतात, यात खोटे काही नाही. पण बिळे शोधून बुजवणे हे ज्याच्याकडे धरण आहे त्याचे काम असते, खेकड्यांचे नव्हे.

झाडे मुळांनी बांध घट्ट धरून ठेवतात, हा समज मातीच्या धरणाला लागू पडत नाही. वादळात मोठे झाड उन्मळले की भरावाचा लचका घेऊन पडते, आणि मेलेल्या झाडाची मुळे कुजली की त्यांच्या जागी पाण्याला आयत्या वाटा मिळतात. त्याच कारणाने मोठी झाडे नुसती बुंध्यापासून तोडून टाकणेही चुकीचे. ती आवश्यक त्या परवानगीने, कोरड्या दिवसांत, पाण्याची पातळी खाली असताना, मुळे खणून आणि खड्डा थराथराने कुटून भरून काढावी लागतात. हे काम अभियंत्याच्या देखरेखीशिवाय करू नये. झुडपे मात्र दरवर्षी साफ करावीत. उतारावर आखूड गवत सर्वांत चांगले, कारण त्यातून ओल आणि भेगा नजरेस पडतात.

तलाव रिकामा करणारा विमोचक, म्हणजे तळाची झडप, चालते का, हे आपण लिहिलेले नाही. ती गंजून बसली असेल तर संकटाच्या वेळी पातळी उतरवण्याचा मार्गच उरत नाही. झडप दुरुस्त झाल्यावरही पाणी सावकाश सोडावे, दिवसाला एखाद्या फुटापेक्षा जास्त नको. पातळी झपाट्याने उतरली तर पाण्याकडचा ओला उतार घसरतो.

तपासणीचे म्हणाल तर 2021 चा केंद्रीय धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना सरसकट लागू आहे. दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांना तो काही अटींवर लागू होतो. साठा किमान दहा लाख घनमीटर असणे ही त्यांपैकी एक अट. आठ मीटरचा आपला बांध त्यात बसत नाही, त्यामुळे आपण बोलावल्याशिवाय कोणी येईल असे धरू नये. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण मुंबईत सक्तीचे आहे. इमारतीपेक्षा कितीतरी जास्त वजनाचे पाणी अडवणाऱ्या आपल्या बांधाला तशी सक्ती नाही, हे विचित्र असले तरी वास्तव आहे. बांधाची मालकी विकासकाकडे राहिली की संस्थेकडे आली, हे प्रथम खरेदीखतात पाहावे. त्यानंतर धरणकामाचा अनुभव असलेल्या स्थापत्य अभियंत्याकडून पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा पाहणी करून घ्यावी आणि पहिला अहवाल जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला आणि ओढ्याच्या खालच्या बाजूच्या ग्रामपंचायतीला द्यावा. बांध फुटला तर पाणी भूखंडधारकांच्या बंगल्यांवर न जाता त्या गावावर जाणार आहे.

प्रश्न : दर पावसाळ्यात पवई तलाव भरून वाहू लागल्याची बातमी येते. आम्ही जवळच राहतो. तलाव वाहणे धोक्याचे असते का?
— एक वाचक, पवई

उत्तर : नाही. ब्रिटिश काळात, 1891 च्या सुमारास, बांधलेल्या या तलावाची क्षमता सुमारे 545 कोटी लिटर आहे. तो भरल्यावर जादा पाणी ठरलेल्या वाटेने बाहेर पडून मिठी नदीला मिळते आणि बातमीत येते ते हेच वाहणे. त्यामुळे तलाव वाहू लागण्यापेक्षा त्याच वेळी मिठीत किती पाणी आहे, याकडे नदीकाठच्या वस्त्यांनी लक्ष द्यावे. तलावाच्या स्थितीची तक्रार करायचीच असेल तर जलपर्णीची करावी. ती सांडपाण्यावर पोसते आणि तिचे पुंजके पाण्याच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी साचतात. हे पाणी पिण्यायोग्य नाही, ते औद्योगिक वापरासाठी दिले जाते. तलावात मगरीही आहेत, तेव्हा पाण्यात उतरण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : बंधाऱ्यावरून गुडघ्याइतके पाणी वाहत असताना मुलांना त्याखाली भिजू दिले तर चालेल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : चालणार नाही. सांडव्याखाली जेथे पाणी आदळते तेथे ते पुन्हा उलटे बंधाऱ्याकडे फिरते आणि त्यात सापडलेला पट्टीचा पोहणाराही तेथेच गरगरत राहतो. वरून ही जागा उथळ आणि फेसाळ दिसते. शिवाय आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या डोंगरात तो पडत असू शकतो. जून 2024 मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाच्या वरच्या अंगाच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते पाणी असेच अचानक वाढल्याने. पाणी गढूळ झाले, त्यात काटक्या-पाने दिसू लागली किंवा त्याचा आवाज बदलला की सामान गोळा करीत न बसता मुलांना घेऊन थेट उंचावर जावे.