फोर्ट कोचीहून चित्र पाठवणार असाल तर पावती आधी वाचा

ताई, डिसेंबरात आईला घेऊन फोर्ट कोचीला जाणार, छोट्या गॅलऱ्या आणि चित्रकारांचे स्टुडिओ बघणार आणि आवडलं तर एखादं चित्र कुरिअरने कळव्याला पाठवणार, हे वाचलं आणि राहवलं नाही.

नेत्रावती एक्सप्रेस ठाण्याला थांबते, एर्नाकुलमहून बोटीने पलीकडे जाता येतं, हे ठाऊक असेलच. बर्गर स्ट्रीटवरचं काशी आर्ट कॅफेही कुणीही दाखवेल. मी बोलतोय ते कुरिअरबद्दल.

आम्ही घेतलेलं जलरंगाचं चित्र काचेच्या फ्रेमसकट पाठवलं होतं. बुकिंगवाल्याने पावतीवर परस्पर ‘फोटो फ्रेम, किंमत 500’ असं ठोकलं. घरी खोका आला तो बाहेरून ठणठणीत; आत काचेचा चुरा आणि चित्रातल्या आभाळावर आडवा ओरखडा. इथल्या हापिसातला साहेब म्हणतो, “खोक्याला काही झालंय का? मग डॅमेज कसलं?” फोटो दाखवले तर म्हणे कोचीला मेल करा. कोचीवाले म्हणे, डिलिव्हरी ब्रँचला विचारा. पावतीच्या पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत काचेची जबाबदारी आधीच झटकलेली. चित्राचं बिल त्यांनी हातातसुद्धा घेतलं नाही!

म्हणून सांगतो, फ्रेम तिकडे करूच नका, ठाण्यात करा. कागदावरचं चित्र दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून गाडीतून स्वतः आणा. कॅनव्हास चौकटीवरून उतरवून, रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर गुंडाळतात. बबल रॅप थेट रंगावर नको, ठसे उठतात. ऑइलचा जाड थर असेल किंवा रंग ओला असेल तर गुंडाळायचंच नाही. मी काही यातला जाणकार नाही, हे आमच्या फ्रेमवाल्याचं ज्ञान. शेवटचा शब्द चित्रकाराचा. पाठवायचंच झालं तर पावतीवर ‘चित्र’ आणि खरी किंमत लिहून घ्या, विमा काढा.

स्टुडिओत फोन करूनच जा. तिथे माणूस काम करत असतो, दुकान थाटून बसलेला नसतो. आणि कृपा करून घासाघीस नको. बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, चालू असेल तर बघा, पण माझ्या मते त्या गर्दीत छोट्या गॅलऱ्या राहूनच जातात.

आणि हो, शेजारच्या मट्टनचेरीला शुक्रवारी जाऊ नका. डच पॅलेस आणि सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) दोन्ही बंद असतात. सिनेगॉग तर शनिवारीही.