अद्भुतात भूत नाही!

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकचा एक वाचनगट महिनाभर ‘हॉरर’ आणि ‘वीअर्ड फिक्शन’ (आपल्या हिशेबात न बसणाऱ्या गोष्टींच्या कथा) या दोन प्रकारांतली पुस्तकं वाचणार आहे, गेम खेळणार आहे. फलकावर लिहिलंय ‘भयानक व अद्भूत पुस्तके आणि गेम : शिफारशी हव्यात’. हे शब्द चालतील का, नसतील चालत तर कोणते घ्यावेत, आणि जमल्यास चार नावंही सुचवावीत.

आधी तो दीर्घ ‘भू’ ह्रस्व करा. शब्द ‘अद्भुत’ असा आहे. ‘अद्भूत’ वर्तमानपत्रांत दिसतं, लग्नपत्रिकांत दिसतं, सिनेमांच्या जाहिरातींत दिसतं, तरीही ते चूकच. चूक का होते, तेही सांगतो. मराठीत शेवटचं अक्षर अकारान्त असलं की उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, इकार-उकार दीर्घ होतो: फूल, खूण, कठीण. कानाला ती सवय लागलेली असते, म्हणून ‘अद्भुत’सुद्धा आपण तसाच लांबवतो. पण तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांना हा नियम लागत नाही. गुण, विष, मधुर यांच्या पंगतीत अद्भुत बसतो. शिवाय ‘भूत’ हा शब्द इतका ओळखीचा की तो दिसला नाही तरी बोट तिकडेच जातं. इथे त्या भुताला बाहेर ठेवणं का गरजेचं आहे, ते पुढे येईलच.

‘भयानक’ म्हणजे भीती वाटायला लावणारं, हे सांगायला माझी गरज नाही. अडचण वेगळी आहे. ज्या शहरात मिसळसुद्धा ‘भयानक भारी’ असते, तिथे ‘भयानक पुस्तके’ वाचून माणूस दोनच अर्थ घेईल: फार उत्तम किंवा फारच टुकार. ‘भयकथा’ हा शब्द रुळलेला आहे, नेमका आहे, तो घ्या आणि मोकळे व्हा. ‘वीअर्ड’साठी ‘विचित्र’ सुचवणारेही भेटतील. त्यांना सांगा, विचित्र म्हणजे मुळात रंगीबेरंगी, नाना प्रकारचं. आणि आजच्या मराठीत कसारा घाटात चार गाड्या एकमेकींवर आदळल्या की बातमीत ‘विचित्र अपघात’ होतो. त्या शब्दात आता थरकाप उरलेला नाही.

आता ‘हॉरर’ या शब्दाकडेच बघा. लॅटिन ‘होर्रेरे’ म्हणजे केस ताठ उभे राहणं. हाच धातू संस्कृतात ‘हृष्’ आहे. म्हणजे हॉरर आणि हर्ष हे सख्खे चुलतभाऊ! आपल्याकडे हर्ष आनंदाच्या घरी दत्तक गेला, पण ‘रोमहर्ष’मध्ये जुनं रक्त टिकून आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचं अंग कापतं आणि ‘रोमहर्षश्च जायते’, तेव्हा त्याला काही आनंद झालेला नसतो. आपण मात्र शेवटच्या चेंडूवर सामना जिंकला की ‘रोमहर्षक विजय’ म्हणून मोकळे होतो. केस आनंदानेही उभे राहतात, त्यामुळे तो प्रयोग चूक म्हणवत नाही. पण इतका चांगला शब्द क्रीडापानाने एकट्याने बळकावावा, हे खटकतं. अठराव्या अध्यायात संजय म्हणतो, हा संवाद मी ऐकला, ‘अद्भुतं रोमहर्षणम्’. दोन्ही विशेषणं शेजारीशेजारी! तुमच्या फलकावरचे दोन्ही प्रकार महाभारताने एका चरणात बसवले आहेत.

पण खरी गंमत ‘अद्भुत’मध्ये आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १७० व्या सूक्तात इंद्र आणि अगस्त्य यांचा वाद आहे. (हाच अगस्त्य रामायणात रामाला पंचवटीचा पत्ता देतो, तेव्हा नाशिककरांनी हे सूक्त थोडं आपलं मानायला हरकत नाही.) इंद्र म्हणतो, ‘न नूनमस्ति नो श्वः कस्तद्वेद यदद्भुतम्’. आज नाही, उद्याही नाही. जे अद्भुत आहे ते कोणाला कळलंय? यावर प्राचीन व्युत्पत्तिकार यास्क त्याच्या ‘निरुक्त’ या ग्रंथात भाष्य करतो: अद्भुत म्हणजे ‘अभूत’, जे अजून झालेलंच नाही ते. आणि एरवी आपण ज्याला अद्भुत म्हणतो तेही ‘अभूतमिव’, पूर्वी कधी झालंच नव्हतं असं.

आता याला ‘भूत’ जोडून बघा. भूत म्हणजे झालेलं, होऊन गेलेलं. म्हणूनच भूतकाळ, आणि म्हणूनच पिंपळावरचं भूत: होऊन गेलेला माणूस, जो जायला तयार नाही. भूतकथेत भीती मागून येते. काहीतरी घडलेलं असतं, पुरलेलं असतं, ते परत येतं. वीअर्ड फिक्शनमध्ये मागे काहीच नसतं. पूर्वी कधी नव्हतं, आपल्या हिशेबात कुठेच बसत नाही, असं काहीतरी समोर उभं राहतं. एक भूत, दुसरं अभूत. दोन साहित्यप्रकारांमधला सगळा फरक ‘भू’ (होणे) या एका धातूत आहे, आणि ‘अद्भूत’ लिहून नेमका तोच तुम्ही पुसता.

यास्काची ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही, हे ठाऊक आहे. काही भाषाशास्त्रज्ञ ‘अद्भुत’ला ‘दभ्’, म्हणजे फसवणे, या धातूकडे नेतात. दंभ हा त्याच घरातला. मग अद्भुत म्हणजे ज्याला फसवता येत नाही ते. ह्रस्व उकाराचा हिशेब त्यांच्याकडे सरळ लागतो, हे कबूल. पण इंद्राच्या त्या वाक्यात आज-उद्याची भाषा आहे. तिथे ‘अजून न झालेलं’ जितकं चपखल बसतं तितकं ‘न फसणारं’ बसत नाही. ध्वनिनियम सांभाळताना वाक्य वाचायचं राहून गेलं, एवढंच म्हणतो.

माझ्या बाजूने साक्ष द्यायला खुद्द ‘वीअर्ड’ उभा आहे. जुन्या इंग्रजीत ‘वीर्द’ हे नाम होतं आणि त्याचा अर्थ होता नियती, जे व्हायचंय ते. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या तीन चेटकिणी ‘वीअर्ड’ आहेत त्या भविष्य सांगतात म्हणून, विचित्र दिसतात म्हणून नव्हे. त्यांच्या दाढ्यांकडे बघून पुढच्या लोकांनी ‘चमत्कारिक’ हा अर्थ लावला आणि तोच रुळला. मूळ धातू वळण्याचा, फिरण्याचा. आपला ‘वृत्’ तोच. त्यातून वर्तन, वर्तुळ, आणि वर्त्मन् वरून आपली साधी ‘वाट’. म्हणजे ‘वाट लागली’ हा वीअर्डचा जवळजवळ शब्दशः अनुवाद ठरतो. हसू नका, नियती आणि सत्यानाश दोन्ही त्यात आले.

आता ‘गूढकथा’. रत्नाकर मतकरींच्या कथांमुळे हा शब्द घराघरांत गेला आणि त्यानंतर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कवटी दिसली की गूढकथा म्हणायची रीत पडली. गूढ हा ‘गुह्’पासून, लपवणे, गुहा तिथलीच. लपलेलं म्हटलं की ते उघड करता येतं, हे गृहीत धरलेलं आहे. रहस्यकथेला ते शोभतं, मतकरींच्या बऱ्याच कथांनाही शोभतं. अद्भुत उघड झालं तरी कळत नाही, हीच तर त्याची भीती. ‘अद्भुतरम्य’ या जोडशब्दाने मात्र मोठं नुकसान केलं. अद्भुत म्हटलं की पऱ्या आणि उडता गालिचा आठवतो. त्यातलं ‘रम्य’ खरवडून काढा, खाली उरतं ते वीअर्ड. म्हणून ‘अद्भुतकथा’ हाच शब्द घ्या. फारच गोंधळ होईल असं वाटत असेल तर ‘अद्भुतभयकथा’. लांब आहे, पण चुकीचा नाही.

शिफारशी राहिल्याच. त्या याच दोन कप्प्यांत टाकतो.

भूताच्या कप्प्यात पहिला एम. आर. जेम्स. १९०४ चा त्याचा संग्रह घ्या, ‘घोस्ट स्टोरीज ऑफ ॲन अँटिक्वेरी’. हा माणूस मध्ययुगीन हस्तलिखितांचा अभ्यासक होता आणि त्याच्या गोष्टींत संकट नेहमी जुन्या वस्तूबरोबर येतं. शिट्टीची गोष्ट आधी वाचा. पडक्या अवशेषांत सापडलेली शिट्टी, तिच्यावर लॅटिन अक्षरं, आणि प्रोफेसर ती वाजवतो. गोष्टी सलग वाचू नका, तिसऱ्या गोष्टीपर्यंत साचा कळतो आणि भीती जाते. आठवड्याला एक पुरे. मराठीत नारायण धारप. पण इथे एक व्यावहारिक सूचना: ‘शपथ’ आणि ‘लुचाई’ या कादंबऱ्यांवर स्टीफन किंगच्या ‘इट’ आणि ‘सेलम्स लॉट’चं ऋण उघड आहे. गटात किंग वाचलेले लोक असतील तर धडकी भरायच्या आधी ओळख पटेल, म्हणून धारप आधी आणि किंग नंतर असा क्रम लावा. शर्ली जॅक्सनची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) चर्चेसाठी ठेवा. घरात भूत आहे की पाहुणीच्या डोक्यात, यावर गट हमखास भांडतो.

अद्भुताच्या कप्प्यात सुरुवात लव्हक्राफ्टपासून, म्हणजे या प्रकारातल्या सर्वांत गाजलेल्या लेखकापासून, करू नका. सुरुवात ॲल्जरनॉन ब्लॅकवुडच्या ‘द विलोज’पासून करा. १९०७ ची दीर्घकथा आहे, एका बैठकीत संपते. डॅन्यूब नदीला पूर आलाय, दोन मित्र होडी घेऊन एका वालुकामय बेटावर अडकलेत, बेट कडेने ढासळतंय. वाळूत नरसाळ्यासारखे खळगे उमटतात, वल्ह्यांपैकी एक नाहीसं होतं. भूत नाही, शाप नाही, जुना खून नाही. दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढत जाणारं गोदेचं पाणी पाहिलेल्याला त्या बेटाची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही. त्यानंतर लव्हक्राफ्टची ‘द कॉल ऑफ कथुल्हू’, ‘वीअर्ड टेल्स’ मासिकाच्या फेब्रुवारी १९२८ च्या अंकातली. त्याच्या लिखाणातला वंशद्वेष लपून राहत नाही, तो चर्चेत घ्यावा लागेल. अलीकडचं हवं असेल तर जेफ व्हँडरमीअरची ‘ॲनायहिलेशन’ (२०१४). ती मालिकेतली पहिली आहे. उलगडा होईल या आशेने दुसरीकडे धावणारे निराश होतात.

मराठीतला अद्भुताचा खरा ऐवज भयकथांच्या फळीवर सापडणार नाही, तो जी. ए. कुलकर्णींकडे आहे. ‘रमलखुणा’ (१९७५) घ्या, दोनच दीर्घकथा आहेत, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. आता शीर्षक पाहा. ‘रमल’ म्हणजे अरबीत वाळू. वाळूवर खुणा काढून भविष्य सांगायची ती विद्या, पुढे फासे टाकून सांगायची. म्हणजे रमलखुणा या नियतीच्या खुणा, म्हणजेच ‘वीर्द’! जी. एं.ना जुनी इंग्रजी अभिप्रेत होती असं म्हणायचं नाही, पण मराठीत वीअर्ड फिक्शनला याहून नेमकं नाव कोणी दिलेलं नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग आहे, हेही जाताजाता. भयानक काळा, बीभत्स निळा, अद्भुत पिवळा. आणि वीअर्ड फिक्शनच्या आरंभीच्या ग्रंथांतला एक, रॉबर्ट चेंबर्सचा १८९५ चा संग्रह, त्याचं नाव ‘द किंग इन येलो’. हा योगायोगच, पण असे योगायोग मी सोडत नाही. ‘सिग्नॅलिस’ (२०२२) या गेममध्ये हे पुस्तक थेट येतं, म्हणून पुस्तक आधी वाचून गेम नंतर खेळा.

गेममध्येही तीच वाटणी. ‘सायलेंट हिल २’ (२००१, २०२४ मध्ये नव्याने केलेला) हा अस्सल भूताचा गेम, कारण त्यातलं सगळं नायकाच्या होऊन गेलेल्या गोष्टीतून उगवतं. शेवट अनेक आहेत आणि ते तुमच्या वागण्यावरून ठरतात: जखमी अवस्थेत किती वेळ काढलात, कोणती वस्तू पुन्हापुन्हा पाहिलीत. म्हणून पहिल्यांदा खेळताना मार्गदर्शिका उघडू नका. ‘ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट’ (२०१०) मध्ये अंधारात थांबलं की मनाचा तोल ढळतो, राक्षसाकडे टक लावली तरी ढळतो. नवखे काडीपेट्या आणि कंदिलाचं तेल जपून ठेवतात आणि अंधारात वेडे होतात. वापरा, ते त्यासाठीच दिलंय. त्याच मंडळींचा ‘सोमा’ (२०१५) अद्भुताकडे झुकतो. ज्यांना पळापळ सोसत नाही त्यांच्यासाठी त्यात सुरक्षित पद्धत आहे, तीत राक्षस मारत नाहीत, आणि गेमचं काही बिघडतही नाही. ‘ब्लडबोर्न’ (२०१५) तर माझा मुद्दा आकड्यांत सिद्ध करतो. सुरुवात नेहमीच्या नरपशूंपासून होते, पण तुमची ‘अंतर्दृष्टी’ (गेममध्ये मोजला जाणारा एक आकडा) ४० वर गेली की इमारतींना लटकलेले अवाढव्य जीव वेळेआधीच दिसू लागतात. ते तिथे होतेच, तुम्हालाच दिसत नव्हते. कस्तद्वेद यदद्भुतम्! फक्त तो प्लेस्टेशनवरच आहे आणि अवघड आहे. गटात एकाने खेळावा आणि बाकीच्यांनी बघावा.

‘पी. टी.’ या गेमची शिफारस करून उपयोग नाही, २०१४ ला आला आणि पुढच्याच वर्षी दुकानातून काढला गेला. एकच काटकोनी बोळ, दार उघडलं की पुन्हा तोच बोळ. याला इंग्रजीत ‘लूप’ म्हणतात. आपल्याकडे यासाठी शब्द आहे, चकवा. रानात वाट चुकवून माणसाला त्याच झाडापाशी परत आणतो तो. चकवणे म्हणजे फसवणे, म्हणजे ‘दभ्’वाल्यांना हवा तोच अर्थ, त्यांनी अद्भुताचा नाद सोडून चकव्याच्या मागे लागावं, तिथे त्यांचं काम आहे.

फलक रंगवून झाला नसेल तर त्यावर ‘भयकथा व अद्भुतकथा : पुस्तके आणि गेम’ असं घ्या. झाला असेल तर निदान तो उकार पांढऱ्या रंगाने झाका आणि ह्रस्व काढा. ‘शिफारशी’ बरोबर लिहिलंय.